खेकडा, घसा आणि खूण

‘कर्करोग’ हा शब्द मराठीत फार जुना दिसत नाही. सुश्रुताकडे ‘अर्बुद’ आहे, कंठाच्या विकारांत रोहिणी, गिलायु, स्वरघ्न ही नावे आहेत. खेकडा मात्र कुठे नाही. तो ग्रीकांचा. गाठीभोवतीच्या तटतटलेल्या शिरा वैद्य गॅलेनला खेकड्याच्या पायांसारख्या वाटल्या. ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा, त्याचा लॅटिनात ‘कॅन्सर’ झाला, अरबीत ‘सरतान’. तोच फारसी-उर्दूत रुळला. मराठवाड्यातली ढोकी १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होती, तेव्हा तिथल्या सरकारी दप्तरातही ‘सरतान’च असावा. ‘कर्क’ आणि ‘कार्किनोस’ एकाच घरचे दिसतात, म्हणून हा उसना खेकडा आपल्याला परका वाटत नसावा.

आता रोगाची जागा, म्हणजे घसा, पाहू. ‘गळा’ म्हणजे संस्कृत ‘गल’. फारसी ‘गुलू’ आणि लॅटिन ‘गुला’ त्याचे सोयरे, सगळे गिळण्याशी जोडलेले. ‘घसा’ खाण्याच्या ‘घस्’ धातूतून आला असावा. पण गळा गातो, भरून येतो. खवखवतो आणि बसतो तो घसा. रोगाने घसाच धरला, हे भाषेने नेमके ओळखले आहे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. ढोकीशेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भूम, परांडा तालुके तिच्यात पहिल्यापासून होते, आणि तिचे कार्यकर्ते गावोगाव अशाच तक्रारींची विचारपूस करत.

तक्रार म्हणजे ‘लक्षण’, रुग्णाला जाणवणारे. प्रयोगशाळा शोधते ती प्रथिनांतली ‘खूण’. १८३८ साली रसायनज्ञ बर्झेलियसच्या सूचनेवरून मुल्डरने ‘प्रोटीन’ हे नाव छापले, ग्रीक ‘प्रोटेइओस’वरून, म्हणजे अग्रस्थानाचे. आपल्या ‘प्रथिन’कर्त्याने नादही राखला आणि ‘प्रथम’ही साधला, परिभाषेत इतकी सुंदर जुळणी क्वचित दिसते. पुढे सापडलेल्या प्रथिनांच्या नावांत मात्र नुसती वजने उरली: पी-१६, पी-५३. त्यातही ५३ हा आकडा प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलमधल्या त्याच्या मंद चालीमुळे पडला. खरे वजन ४४ किलोडाल्टनच्या आसपास आहे. तंबाखूने झालेल्या गाठींत या पी-५३चे जनुक बहुधा बिघडलेले सापडते.

‘खूण’ ही ‘क्षुण्ण’ म्हणजे तुडवलेले, यावरून आली असावी, म्हणजे मुळात पाऊलखूणच. पी-१६ला हा अर्थ चपखल बसतो. टॉन्सिलजवळच्या गाठीत एचपीव्ही विषाणू पेशीचा आरबी हा लगाम निकामी करतो, आणि त्यामुळे पी-१६ साचत जाते. त्या भागातले पी-१६ असलेले रोग उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतात, म्हणून त्यांचे टप्पेही आता वेगळे मोजतात.