भोकं पडलेलं वर्तमानपत्र

मडिकेरीला एनसीसीच्या पोस्टिंगवर होतो, तेव्हा एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी मला कैलपोदला घरी बोलावलं. भातलावणी उरकल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला येणारा हा कोडवांचा सण. आपल्या खंडेनवमीसारखी शस्त्रांची पूजा होते, मग नारळावर नेमबाजी. १८६१ साली कमिशनर मार्क कबन यांनी कोडवांना शस्त्रकायद्यातून सूट दिली होती, ती आजही आहे. पूजेत सुभेदारसाहेबांच्या वडिलांची ठासणीची बंदूक होती आणि शेजारी भोकं पडलेलं एक पिवळं वर्तमानपत्र.

"हे कशाला?" मी विचारलं.

"साहेब, ही माझी चूक आहे."

शिकारीचे परवाने मिळत त्या काळातली गोष्ट. रजेवर आलेल्या या तरुण जवानाने चाळीस पावलांवरच्या सांबरावर मोठ्या छर्‍यांचा बार टाकला. सांबर लागलं, पण पळालं. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत मिळाला, पुढे पावसाने धुतला. दोन दिवस शोधूनही जनावर सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फणसाच्या झाडावर वर्तमानपत्रं लावली आणि तोच बार भरून पुन्हा झाडला. चाळीस पावलांवर नऊपैकी तीनच छर्रे कागदावर, तेही कडेला. पंचवीसवर सगळे आत.

कारण साधं आहे. शिसं मऊ. बार उडताना छर्रे एकमेकांवर दाबून चेपतात आणि चेपलेला छर्रा वाट सोडतो. म्हणून हाताने काडतूस भरणारे जुने शिकारी छर्‍यांच्या मधे पीठ किंवा रवा घालत. बारीक छर्रे गोल करण्याची युक्ती ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये पेटंट केली: वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून खाली पाण्यात सोडायचं. हरणासाठीचे मोठे छर्रे मात्र साच्यातच ओतावे लागत. पुढे १८७५ च्या लंडनमधल्या चाचण्यांत ग्रीनरच्या चोक नळ्यांनी, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद नळ्यांनी, बाजी मारली. आजही मोजमाप कागदावरच होतं. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळ, त्यात किती छर्रे आले ते मोजायचं. फुल चोकचे सुमारे ७० टक्के, सरळ नळीचे ४०. सुभेदारसाहेबांची नळी सरळच होती.

खडकवासल्याला आमचे उस्ताद आधी ग्रुपिंग बघत, नेम नंतर. पाच गोळ्या कुठे जातात हे माहीत नसेल तर सहावी झाडायचा हक्क नाही, असं म्हणत. सुभेदारसाहेबांनाही रायफलीवर हेच शिकवलं होतं. "पण घरच्या बंदुकीला कोण तपासतं, साहेब? ती वडिलांची होती ना."

त्यानंतर पंचवीस पावलांपलीकडे त्यांनी कधी बार टाकला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारच सोडली. कागद मात्र दरवर्षी पूजेला बसतो.

त्या संध्याकाळी नारळावर त्यांनी मला पहिला नेम दिला. मी आधी विचारलं, "अंतर किती?" सुभेदारसाहेब हसले आणि स्वतः पावलं मोजायला निघाले.