वातानुकूलन यंत्राचे पाणी आणि भिंतीवरचे डाग

गोव्यातील एखाद्या जुन्या गृहसंकुलाच्या मागच्या बाजूला उभे राहून वर पाहिले, तर वातानुकूलन यंत्रांखाली भिंतीवर उतरलेले पट्टे दिसतात. कुठे ते काळसर, कुठे हिरवट, कुठे तांबूस, तर कुठे त्यांच्या कडेला पांढरी भुकटी धरलेली असते. रंग काढला तरी एकदोन पावसाळ्यांत पट्टा पुन्हा उमटतो आणि खालच्या मजल्यावरचा शेजारी वरच्या घराकडे बोट दाखवतो. दोष बहुधा ‘एसीच्या घाण पाण्या’वर येतो. वस्तुतः हे पाणी विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी क्षारांचे असते. डाग पाणी घेऊन येत नाही, ते ज्या वाटेने जाते तिथे तो तयार होतो. म्हणूनच डाग पुसण्याआधी वाट बदलावी लागते.

हे पाणी खोलीतल्या हवेतले असते. हवेचे तापमान ३२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम बाष्प असते. यंत्रातील थंड कॉइलवर हीच हवा १० अंशांपर्यंत निवली, तर तिला जेमतेम ९ ग्रॅम बाष्प धरून ठेवता येते. उरलेले बाष्प, थंड पेल्याच्या बाहेरच्या अंगावर दव धरावे तसे, कॉइलवर जमते आणि खालच्या पन्हळीतून नळीवाटे बाहेर पडते. एक टनाचे यंत्र सुमारे साडेतीन किलोवॉट दराने उष्णता ओढते. त्यातील तीस टक्के क्षमता बाष्प उतरवण्यात खर्च झाली, तर ताशी दीड लिटर पाणी निघते. (हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या दराने उष्णता शोषतो, तो दर म्हणजे एक टन.) दमट रात्री आठ तास यंत्र अखंड चालले तर बारा लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली पाणी निघते. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आपली पहिली योजना आखली, ती माणसांना गारवा देण्यासाठी नव्हती. दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई बिघडे, म्हणून हवेतील ओल काढायची होती. त्या अर्थाने पाणी काढणे हे या यंत्राचे मूळ काम आहे.

डागाचा रंग पाहून त्याचे कारण बहुतेक वेळा ओळखता येते. हिरवा वा काळा पट्टा शेवाळाचा किंवा बुरशीचा. भिंत सतत ओली राहिली आणि ऊन कमी लागले की तो धरतो. तांबूस ओघळ लोखंडाचा असतो. यंत्राचा कोनपट्ट्यांचा मांडव, खिडकीचे गज, साधे स्क्रू यांवरून पाणी घरंगळते आणि गंज सोबत नेते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाणी गिलाव्यात मुरते, सिमेंटमधले आणि दगडविटांमधले क्षार विरघळवते आणि पृष्ठभागावर येऊन वाळताना ते मागे ठेवते. हे क्षार भिंतीचे असतात.

चिऱ्यांच्या जुन्या घरांत प्रश्न अधिक नाजूक होतो. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी घेतो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा ही ये-जा होऊ देतो, सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग ती अडवतात. आत अडकलेली ओल मग रंगाला फोड आणते आणि गिलावा पोकळ करते. पूर्वीच्या कौलारू घराची पागोळी भिंतीपासून दूर पडे, कारण छप्पर तेवढे पुढे काढलेले असे. आज भिंतीला भोक पाडून दोन बोटे बाहेर काढलेली नळी ती काळजी घेत नाही. काँक्रीटच्या छज्जावर वर्षानुवर्षे थेंब पडत राहिले, तर ओल आतल्या सळ्यांपर्यंत जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटला तडे जाऊन खपल्या सुटतात. अशी खपली खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावरही पडू शकते.

तेव्हा आधी नळीचा विचार करावा. तिला संपूर्ण लांबीत सलग उतार हवा, दर मीटरला किमान एक सेंटिमीटर. घड्यांची लवचीक नळी स्वस्त असते, पण ती मध्येच झोळ खाते आणि त्या झोळात चिकट गाळ साचतो. लांब अंतरासाठी कडक पीव्हीसी नळी बरी. ती भिंतीलगत जमिनीपर्यंत किंवा पावसाच्या पन्हळीपर्यंत न्यावी. सांडपाण्याच्या नळाला मात्र थेट जोडू नये, कारण तिथले वायू आणि दुर्गंधी त्याच वाटेने खोलीत येतात. नळीचे तोंड बादलीतल्या पाण्यात बुडालेले असले तरी निचरा अडतो. खोलीतून जाणाऱ्या नळीवर आणि तांब्याच्या नळ्यांवर उष्णतारोधक आवरण नसेल, तर त्यांच्या बाहेरच्या अंगावरच दव धरते आणि गळती नसतानाही छताला ओल येते.

पाणी खोलीतच टपकू लागले, तर बहुतेकदा नळी तुंबलेली असते किंवा यंत्र चुकीच्या बाजूला कललेले असते. फिल्टर धुळीने भरला किंवा वायू कमी झाला, तर कॉइलवर बर्फ धरतो आणि यंत्र बंद केल्यावर तो वितळून पन्हळीबाहेर सांडतो. वीजपुरवठा बंद करून कॉइलखालच्या पन्हळीत पेलाभर पाणी हळूच ओतावे. ते बाहेर आले नाही, तर अडथळा नळीत आहे.

वाट बदलल्यावर भिंत वाळू द्यावी. गोव्याच्या पावसाळ्यात ती वाळत नाही, डिसेंबर-जानेवारीचे कोरडे दिवस या कामाला योग्य. लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडावा. पाणी मारले तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. बुरशीला पातळ केलेले ब्लीच चालते, गंजाला सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असल्याने हातमोजे घालावेत. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र वापरू नये, त्यातून घातक क्लोरीन वायू निघतो. चुन्याचा गिलावा आणि संगमरवर आम्लाने झिजतात, तिथे ब्रश आणि चुन्याचा नवा हात एवढेच उपाय.

फिरत्या घरांना, म्हणजे कॅराव्हॅनना, हाच त्रास वेगळ्या रूपात होतो. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. अशा अनेक वाहनांत यंत्र छपरावर असते आणि त्याचे पाणी सरळ छपरावर सोडलेले असते. ते तिथली धूळ आणि जुन्या सीलंटची काजळी घेऊन बाजूंवर काळे ओघळ पाडते. छपराच्या पन्हळीची टोके थोडी पुढे वाढवावीत, वाहन किंचित एका बाजूला कलते उभे करावे, छप्पर धुवावे आणि बाजूंना मेण लावावे. यंत्राच्या खालच्या रबरी गास्केटची तपासणी त्याहून महत्त्वाची. तो दबून चपटा झाला, तर पाणी आत शिरते आणि छताचे लाकूड कुजेपर्यंत लक्षात येत नाही.

जमवलेले पाणी झाडांना, लादी पुसायला, शौचालयात ओतायला चालते. पिण्यास ते अयोग्य, कारण कॉइलवरची धूळ, जंतू आणि धातूंचे अंश त्यात उतरतात. याच कारणाने इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाण्याऐवजी ते घालू नये. नळीखाली ठेवलेल्या बादलीकडेही लक्ष हवे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी बादलीच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा बादली नुसती रिकामी न करता आतून घासून, उन्हात उपडी ठेवावी.