दोन मालकांचा नोकर

सॉफ्टवेअर कंपन्यांची नावं बहुधा वेगाची, ताकदीची किंवा बुद्धीची आठवण करून देणारी असतात. १९८६ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज परिसरात सुरू झालेल्या एका कंपनीचं नाव मात्र नाटकातल्या नोकराचं होतं : हार्लेक्विन.

हार्लेक्विन म्हणजे इटलीचा आर्लेकिनो. सोळाव्या शतकात तिथे ‘कोमेदिया देल्लार्ते’ हा नाट्यप्रकार बहरला. नट मुखवटे घालून ठरलेल्या कथेवर आयत्या वेळी संवाद रचत. आपल्या वगनाट्याशी जवळीक सांगणारी ही पद्धत. त्यातला आर्लेकिनो हा बेर्गामोकडचा गरीब, भुकेला, चपळ नोकर. आपल्या सोंगाड्याचा लांबचा भाऊच म्हणा ना! त्याचे कपडे ठिगळांचे. पुढे त्या वेड्यावाकड्या ठिगळांचे शंकरपाळ्यांसारखे नेटके रंगीत तुकडे झाले. गरिबीची खूण होती, तिची नक्षी झाली.

या कंपनीचं एक मोठं काम होतं छपाईचं. छपाईयंत्राला अक्षर कळत नाही, ठिपका कळतो. संगणकावर रचलेलं पान घ्यायचं आणि निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाईचा कोणता ठिपका कुठे पडेल हे ठरवायचं, हे काम तिचं सॉफ्टवेअर करी. कार्लो गोल्दोनीचं अठराव्या शतकातलं एक प्रसिद्ध नाटक आहे, ‘दोन मालकांचा नोकर’. त्यातला नोकर याच घराण्यातला. संगणक आणि छपाईयंत्र या दोन मालकांमध्ये धावणाऱ्या सॉफ्टवेअरला हे नाव किती शोभतं! १९९९ मध्ये ग्लोबल ग्राफिक्सनं कंपनी विकत घेतली, तरी छपाईच्या सॉफ्टवेअरवर हार्लेक्विनचं नाव कायम राहिलं.

मी उर्दू शिकवतो, म्हणून इथे मला कातिब आठवतात. नस्तालीक लिपीतली अक्षरं उतरत्या रेषेत एकमेकांत मिसळतात, जागेप्रमाणे रूप बदलतात. खिळ्यांत ती नीट बसेनात. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रांची पानंच्या पानं कातिब हातानं लिहीत आणि त्यावरून छपाई होई. लेखक आणि छापखाना या दोन मालकांचे तेही नोकरच. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरं लिहून दिली, तेव्हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नूरी नस्तालीक’ संगणकावर आली. ‘नूरी’ हे नाव त्यांच्या वडिलांवरून, नूर अहमद यांच्यावरून.

काल्पनिक नोकराचं नाव कंपनी विकली गेल्यावरही टिकलं. एका मुलानं बापाचं नाव अक्षरांत जपलं. पण रात्र रात्र जागून सकाळचा अंक लिहिणाऱ्या बाकीच्या कातिबांचं काय? त्यांच्यातले काही अजून आपल्या मोहल्ल्यांत असतील. घरात जुना उर्दू अंक असेल तर रद्दीत घालण्याआधी तो कुणी लिहिला, हे वडीलधाऱ्यांना विचारा. आणि नाव कळलं तर लिहून ठेवा.