प्रेस्टनचा प्लंबर

केंद्र सरकारच्या चाकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस ‘बदली’ या शब्दाचा अर्थ सांगण्याचे कारण नाही. तो शब्द कानावर आला की आम्हा मंडळींच्या घरी प्रथम मुलांच्या शाळेचा विचार सुरू होतो आणि मग ट्रंका माळ्यावरून खाली येतात. नको असलेली बदली टळावी कशी, हेच कचेरीतील निम्म्या खलबतांचे सूत्र असते. परंतु चालून आलेली बदली वरिष्ठांनी नाकारावी आणि त्या नकाराचेच जगाने पुढे ‘निष्ठा’ म्हणून कौतुक करावे, असेही एका माणसाच्या बाबतीत घडले. तो कारकून नव्हता. इंग्लंडच्या संघातून ७६ सामने खेळलेला, त्यांत ३० गोल करणारा टॉम फिनी हा फुटबॉलपटू तो. त्याची कथा क्रीडापृष्ठापेक्षा सेवानियमांच्या पुस्तकात शोभावी अशी आहे, म्हणून ती येथे सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

फिनीचा जन्म ५ एप्रिल १९२२ रोजी लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन या गिरणगावात झाला. प्रेस्टन नॉर्थ एंड हा तेथील क्लब. इंग्लंडातील साखळी सामन्यांचे पहिले अजिंक्यपद १८८९ साली याच क्लबाने मिळविले होते. पोरसवदा, अंगाने किरकोळ अशा फिनीला क्लबाने बोलावले तेव्हा वडिलांनी अट घातली, की आधी नळकामाची उमेदवारी पुरी करावयाची. खेळाचा भरवसा नाही, हातात कसब असावे, हा त्यांचा हिशेब. मराठी बापही याहून निराळे काही बोलला नसता. फिनीने ती आज्ञा मानली आणि पुढे सबंध कारकीर्दभर तो फुटबॉलबरोबर प्लंबरचा धंदाही करीत राहिला. ‘प्रेस्टनचा प्लंबर’ हे नाव त्याला पडले ते केवळ लाडाने नव्हे.

१९४० च्या जानेवारीत त्याने व्यावसायिक म्हणून करारावर सही केली, पण तोवर महायुद्धाने साखळी सामने बंद पाडले होते. फिनी सैन्यात गेला. आठव्या सेनेबरोबर इजिप्त आणि इटली पाहून आला. प्रेस्टनसाठी पहिला साखळी सामना तो खेळला ३१ ऑगस्ट १९४६ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरातच, २८ सप्टेंबरला, बेलफास्ट येथे आयर्लंडविरुद्ध त्याला इंग्लंडचा पोषाख मिळाला. तो सामना इंग्लंडने ७-२ असा जिंकला व त्यात फिनीचा एक गोल होता.

त्याच्या खेळाचे वर्णन करणे आम्हांस अवघड वाटते, कारण तो आम्ही डोळ्यांनी पाहिलेला नाही. एवढे मात्र निर्विवाद दिसते, की तो जन्मतः डावखुऱ्या पायाचा असूनही क्लबासाठी बहुधा उजव्या बगलेवर खेळे. इंग्लंडसाठी कधी उजव्या, कधी डाव्या बगलेवर, आणि उतारवयात सेंटर फॉरवर्ड म्हणून. उजव्या बगलेवर त्याच काळात स्टॅन्ली मॅथ्यूज हा दुसरा जादूगार होता. दोघांतून कोणास निवडावे या वादाने इंग्रज वृत्तपत्रांची बरीच शाई खर्ची पडली. १९४७ च्या मे महिन्यात लिस्बन येथे पोर्तुगालविरुद्ध दोघांस दोन बगलांवर ठेवून पाहिले, तेव्हा इंग्लंडने १०-० असा विजय मिळविला. एवढे होऊनही वाद मिटला नाही, हे वादाच्या स्वभावास धरूनच झाले.

आता वेतनाकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. इंग्लंडमध्ये १९०१ पासून खेळाडूंच्या वेतनास कमाल मर्यादा होती. प्रारंभी ती आठवड्यास ४ पौंड होती. १९४७ साली ती १२ पौंड झाली, १९५१ साली १४. वर्षे गेली, केस पिकले, तरी या आकड्यापुढे पगार सरकत नसे. १९४८-४९ च्या हंगामात साखळी सामने पाहण्यास चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले. त्यांच्या तिकिटांचे पैसे कोठे जात, हे विचारण्याची सोय खेळाडूंस नव्हती. कारण वेतनमर्यादेच्या जोडीला दुसरा एक नियम होता. खेळाडूची नोंदणी क्लबाच्या ताब्यात राही. कराराचे वर्ष संपले तरी क्लबाने त्याला ‘राखून’ ठेवावयाचे ठरविले, तर तो अन्यत्र खेळू शकत नसे. क्लबाने मनात आणले तरच तो विकला जाई. आमच्या सेवाशर्तींत राजीनामा देऊन दुसरी नोकरी धरण्याची मुभा निदान आहे. फिनीच्या पिढीला ती नव्हती.

१९५० साली काही खेळाडू या जाळ्यातून निसटून कोलंबियास गेले, कारण तो देश तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कक्षेबाहेर होता. इंग्लंडच्या बचावफळीचा आधारस्तंभ नील फ्रँकलिन त्यांत होता. तो लवकरच परतला, त्याला खेळण्यास बंदी झाली आणि इंग्लंडसाठी तो पुन्हा कधी खेळला नाही. हे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढे ताजे होते.

अशा वेळी, १९५२ साली, सिसिलीतील पालेर्मो क्लबाच्या राजवंशीय अध्यक्षांकडून फिनीला निमंत्रण आले. सही करण्याबद्दल दहा हजार पौंड, प्रेस्टनपेक्षा कितीतरी अधिक वेतन, समुद्रकाठी बंगला आणि मोटार. तीस वर्षांच्या, बायकोमुलांच्या माणसाला हा देकार क्षुल्लक वाटणे शक्य नव्हते. त्याने रीतसर तो प्रेस्टनच्या अध्यक्षांपुढे ठेवला. खेळेल तर प्रेस्टनसाठी, नाहीतर कोणासाठीही नाही, या आशयाचे उत्तर त्याला मिळाले. विषय तेथेच संपला. फिनीने आदळआपट केली नाही. तो परत उजव्या बगलेवर जाऊन उभा राहिला, आणि सामने नसत तेव्हा लोकांचे नळ दुरुस्त करीत राहिला.

पाच वर्षांनंतर, १९५७ साली, लीड्सने आपला वेल्श खेळाडू जॉन चार्ल्स इटलीच्या युव्हेंतुसला ६५ हजार पौंडांस विकला. लीड्सच्या मैदानातील प्रेक्षागार आदल्या वर्षी जळाले होते आणि क्लबास पैशाची निकड होती. म्हणजे बदली नियमात बसत नव्हती असे नव्हे. ती खेळाडूच्या गरजेवर ठरत नसे, इतकेच.

राहिल्याचे फळ काय मिळाले? १९५३ साली प्रेस्टन व आर्सेनल यांचे गुण समसमान, ५४ झाले आणि गोलांच्या सरासरीतील दशांशाच्या फरकाने, १ मे रोजी, अजिंक्यपद आर्सेनलकडे गेले. लगेच दुसऱ्या दिवशी ब्लॅकपूलकडून खेळणाऱ्या मॅथ्यूजला वेंब्लेवर चषकाचे पदक मिळाले. १९४७ साली स्टोक क्लबाने त्याला ब्लॅकपूलकडे जाऊ दिले होते, हे येथे आठवते. पुढल्या वर्षी प्रेस्टनही वेंब्लेवर पोचला आणि वेस्ट ब्रॉमविचकडून ३-२ असा हरला. ज्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून दोनदा, १९५४ व १९५७ साली, गौरविले, त्याच्या संग्रही युद्धकालीन चषक सोडला तर द्वितीय श्रेणीच्या अजिंक्यपदाखेरीज मोठे असे काही नव्हते.

म्हणून ‘एका क्लबाचा निष्ठावंत’ हे विशेषण वाचले की आम्ही थोडे थबकतो. दार बाहेरून बंद असताना आत बसलेल्या माणसास निष्ठावंत म्हणणे, हे दार बंद करणाऱ्यास सोयीचे असते. तथापि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ज्याला अडवून ठेवले आहे तो मन लावून काम करीलच असा नियम नाही. आमच्या कचेऱ्यांत याचे पुरावे टेबलाटेबलावर सापडतात. फिनीने ४३३ साखळी सामन्यांत १८७ गोल केले, आणि कारकीर्दीत पंचांनी त्याला कधी ताकीद दिली नाही, अशी त्याची ख्याती आहे. नकार क्लबाचा होता. त्यानंतरची आठ वर्षे मात्र त्याने स्वतःची केली.

३० एप्रिल १९६० रोजी ल्यूटनविरुद्ध तो शेवटचा साखळी सामना खेळला. अवघ्या नऊ महिन्यांनी, जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा वीस पौंडांवर पोचलेली वेतनमर्यादा रद्द झाली, आणि फुलमचा जॉनी हेन्स आठवड्यास शंभर पौंड घेऊ लागला. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ‘राखून ठेवण्या’चा नियमही अन्याय्य ठरविला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबाने फिनीला पाहुणा म्हणून बोलावले. एक्केचाळीस वर्षांचा हा निवृत्त गृहस्थ युसेबिओच्या बेनफिकाविरुद्ध उतरला आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. प्रेस्टनबाहेरची त्याची ही अल्पकालीन प्रतिनियुक्ती.

फिनी गेल्यानंतर पहिल्याच हंगामाअखेर, १९६१ साली, प्रेस्टन नॉर्थ एंड प्रथम श्रेणीतून खाली उतरला, तो तेथे अद्याप परतलेला नाही. फिनी मात्र गावातच राहिला. नळकामाचा धंदा, पुढे न्यायदंडाधिकाऱ्याचे काम, १९९८ साली ‘सर’ ही पदवी, आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मृत्यू. डीपडेल मैदानाबाहेर २००४ सालापासून त्याचा पुतळा आहे. तो १९५६ साली चेल्सीच्या मैदानावर घेतलेल्या छायाचित्रावरून घडविलेला आहे. पावसाने मैदानभर पाणी साचले आहे, चेंडूमागे धावता धावता फिनी तोल सावरतो आहे, आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडत आहेत.