रायगड : खारघरच्या जिल्ह्याला नाव देणारी राजधानी

रायगड : महाड तालुक्यातील डोंगरी किल्ला आणि छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. खारघर, पनवेलसह सारा जिल्हा आज याच गडाच्या नावाने ओळखला जातो. १९८१पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. खारघरहून पनवेल, पेण, माणगाव असे मोटारीने निघाले की साडेतीन-चार तासांत पायथ्याचे पाचाड येते. पहाटे निघून रात्री परतणारे पुष्कळ असतात, मात्र गड नीट पाहायचा तर एक मुक्काम हवाच.

गडाचे जुने नाव रायरी. जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर १६५६ साली तो महाराजांच्या हाती आला. चहूबाजूंनी तुटलेले कडे, माथ्यावर शहर वसेल एवढी सपाटी आणि हाकेच्या टप्प्यात कोकणची बंदरे, हे सारे एकाच डोंगरावर मिळत होते. तख्ताला हाच गड योग्य, असे महाराजांनी ठरवल्याचे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकर यांनी पेलली.

गडावर जायला १९९६पासून रज्जुमार्ग आहे आणि वृद्धांची त्याने मोठी सोय झाली. पण ज्याचे पाय धड असतील त्याने चढताना तरी पायऱ्यांचीच वाट धरावी. सुमारे दीड हजार पायऱ्यांच्या या वाटेवरच महादरवाजा लागतो. दोन भक्कम बुरुजांच्या कवेत दडलेला हा दरवाजा अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही. माथ्यावर दोन्ही अंगांना कमळे कोरलेली आहेत. पाळण्याने वर आलेल्यांच्या नजरेतून गडाचा हा सर्वांत हुशार भाग निसटतो.

पुढे हत्ती तलाव आणि गंगासागर. बांधकामासाठी दगड काढला, त्या खाणींतच पाणी साठवले. राजधानीचा संसार अशा तळ्यांवर चालला. गंगासागराच्या काठी दोन देखणे मनोरे उभे आहेत. त्यांच्या मागे बालेकिल्ला सुरू होतो : राणीवशाच्या महालांची ओळीने जोती, राजवाड्याचा चौथरा, अष्टप्रधानांच्या वाड्यांचे अवशेष, धान्यकोठार. लाकडी छपरे आणि खांब केव्हाच गेले. तरी राणीवशातले दगडी शौचकूप आणि सांडपाणी वाहून नेणारे पाट थांबून पाहावेत. इथे माणसे कशी राहत होती, हे त्या पाटांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

राजसभा हे गडाचे हृदय. ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली इथे राज्याभिषेक झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी हजर होता. दाराशी दोन हत्ती पाहून, ही जनावरे असल्या अवघड वाटेने वर आणली तरी कशी, याचे त्याला नवल वाटले आणि तसे त्याने नोंदवून ठेवले. सिंहासनाच्या जागी आज मेघडंबरी आहे. समोरचा नगारखाना बराच दूर, पण तिथे हलक्या आवाजात बोललेले सिंहासनाच्या चौथऱ्याशी ऐकू येते. गर्दी नसताना ही गंमत प्रत्येकाने करून पाहावी.

होळीचा माळ ओलांडला की बाजारपेठ. रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बावीस-बावीस दुकानांची उंच जोती. एका जोत्याच्या दगडावर फणा काढलेला नाग कोरला आहे. लोक त्याला नागप्पा शेट्याचे दुकान म्हणतात.

पूर्वेकडे जगदीश्वराचे मंदिर. तिथल्या शिलालेखात हिरोजींनी गडावर काय काय बांधले याची यादी आहे. एका पायरीवर त्यांनी स्वतःचे नाव, सेवेला तत्पर असलेला सेवक म्हणून, कोरले. शेजारीच महाराजांची समाधी. ३ एप्रिल १६८० रोजी त्यांनी याच गडावर देह ठेवला. एकोणिसाव्या शतकात समाधीची फार आबाळ झाली. तिच्या जीर्णोद्धारासाठी १८९५ साली लोकमान्य टिळकांनी निधी उभारायला घेतला, १८९६ साली गडावर शिवोत्सव भरवला. सध्याचे बांधकाम मात्र १९२६च्या सुमारास पूर्ण झाले. टकमक टोक, हिरकणी बुरूज ही ठिकाणे वेळ उरल्यास पाहावीत.

१६८९ साली मोगलांनी गड घेतला. महाराजांच्या सूनबाई येसूबाई आणि नातू बाल शाहू कैद झाले. १७३३ साली तो पुन्हा मराठ्यांकडे आला. मे १८१८मध्ये इंग्रजांनी शेजारच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि त्या आगीत वाडे जळाले. आज नुसती जोती दिसतात, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत रायगड आहे.

उतरल्यावर पाचाड चुकवू नये. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, महाराजांच्या मातोश्री जिजाऊंनी इथे प्राण सोडला. त्यांची समाधी आणि वाड्याची तटबंदी इथे आहे. वाड्यातल्या ‘तक्क्याच्या विहिरी’च्या काठावर टेकून बसण्यासाठी दगडाचाच तक्क्या घडवला आहे. वाडा रस्त्यालगत असल्याने परतीची वाट वाकडी करावी लागत नाही.