दारफळणीचा सण

आमच्या दहिवलीच्या घरी म्हातारी माणसे कधीकधी ‘शनवार तेली’ असा शब्द काढीत. शनिवारी ज्यांचा घाणा फिरत नसे ते तेली, एवढेच लहानपणी कळले होते. पुढे समजले की, पेण, पनवेल, अलिबाग, रेवदंडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे आपले बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांच्यातली परंपरा. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली. राहिला तो शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. बाकी भाषा मराठी, लुगडे मराठी आणि आडनावेही किहीमकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांची.

या लोकांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली, ती मोठी गोड आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, आणि ज्याला जगभरचे यहुदी ‘योम किप्पूर’ म्हणतात तो प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफळणीचा सण. दार फळणे म्हणजे दार लावून घेणे. दिवाळीच्या काही आठवडे आधी तो येतो. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये लिहिलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात त्याचे वर्णन आहे. ऊन आणि गार पाण्याने स्नान करायचे, पांढरी वस्त्रे नेसायची, दिवस कलायच्या आत उपास धरायचा आणि दारे लावून घरात बसायचे. त्या दिवशी पितर घरी येतात, अशी समजूत. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांकडे जाऊन यायचे. आपल्याकडचा पितृपक्षही याच सुमारास असतो. शेजाऱ्याचे वळण शेजाऱ्याला लागते, त्यात नवल ते काय?

आता मौज पाहा. यहुद्यांच्या मूळ विधीत या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचे नाव ‘नईला’, म्हणजे बंद करणे. मावळतीला स्वर्गाची दारे लागतात, तोवर क्षमा मागून घ्यावी, असा भाव. कोकणातल्या लोकांजवळ ती पोथी नव्हती. दार मात्र राहिले होते. ही जुनी आठवण की योगायोग, यावर पंडितांनी वाद घालावा. मला आठवणीकडे झुकावेसे वाटते.

म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडून सुटून आलेल्या समाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत यांचे पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे आजचे नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. येथेही पुन्हा दारच! पुढे कोचीनच्या शिक्षकांनी विधी शिकवले आणि जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानाने हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मग दारे लावून बसणारी माणसे सिनेगॉगात जाऊन छातीवर मूठ मारीत पापांची कबुली म्हणू लागली. ही कबुली हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने जाते आणि ती ‘मी’ची नसते, ‘आम्ही’ची असते. शेजाऱ्याचे पापही आपल्याच तोंडाने म्हणायचे!

परंतु या धर्माची खरी करडी शिस्त पुढे आहे. मिश्ना या प्राचीन ग्रंथात सांगितले आहे की, देवाविरुद्ध केलेले पाप या दिवशी फिटते. माणसाविरुद्ध केलेले फिटत नाही, त्या माणसाची समजूत काढल्याखेरीज. उपास करा, रडा, पांढरे नेसा. देव त्याच्या वतीने क्षमा करीत नाही. ‘पाप करीन आणि मग पश्चात्ताप करीन’ म्हणणाऱ्याला तर पश्चात्तापाची संधीच मिळत नाही. बाराव्या शतकातला मैमोनिदेस याहून पुढे जातो: तीच संधी, तेच सामर्थ्य पुन्हा समोर असताना जो ते कृत्य करीत नाही, त्याचाच पश्चात्ताप पूर्ण.

आणि हा नियम बेने इस्राएलांना स्वतःच्या धर्मबांधवांपुढे मांडावा लागला. 1948 नंतर हजारो लोक इस्राएलला गेले. 1962 मध्ये तेथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मावले की, यांची लग्ने लावण्यापूर्वी वंशाची चौकशी करावी. एवढी शतके शनिवार पाळलेल्या माणसांना तुम्ही यहुदी कशावरून, असे विचारणे! जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. 1964 मध्ये तेथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठालाही फर्मानातून त्यांचे नाव काढावे लागले. नाव काढणे आणि समजूत काढणे एकच की काय, हे मिश्नेलाच विचारावे.

मैमोनिदेसाचा आणखी एक नियम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. ज्याचा अपराध केला तो मरून गेला असेल, तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीवर जावे आणि त्यांच्यादेखत बोलावे की, मी देवाचा व या माणसाचा अपराधी आहे.

विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी माझा नऊ वर्षे अबोला होता. पाळी माझीच चुकली होती. दर दिवाळीला फराळाचे ताट मुलांच्या हाती जाई-येई, शब्द मात्र नाही. गेल्या श्रावणात दादा गेले. आमच्यात कबर नसते. अस्थी उल्हासच्या पाण्यात सोडल्या. यंदा ताट मी स्वतः घेऊन गेलो आणि वहिनींसमोर, मुलांदेखत, पाळी माझी नव्हती असे बोललो. घरात त्या वेळी सहाच माणसे होती.