गुत्त्याची कुळकथा

पुण्याकडील एखाद्या सभ्य गृहस्थास कोणी ‘गुत्तेदार’ म्हटले, तर तो आपल्या अब्रूवर घाला पडला असे समजून संतापेल. परंतु छत्रपती संभाजीनगरात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्या गुत्तेदार बांधतो, रस्त्याचे खडीकरण गुत्तेदार करतो, त्याचे देयक थकले की त्याची गाऱ्हाणी वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि या सर्व व्यवहारात मद्याचा थेंबही कोणाच्या मनात नसतो. आसपासच्या खेड्यांत तर सोयाबीनची काढणी रोजंदारीवर न देता ठोक रकमेस ठरविली की ‘गुत्तं दिलं’ असेच म्हणतात. अडीचशे किलोमीटरांच्या आत, एकाच भाषेत, एकच शब्द एकीकडे दारूच्या दुकानाचा आणि दुसरीकडे निर्मळ ठेक्याचा वाचक कसा व्हावा, या एका विसंगतीने मला गुत्त्याच्या दारात नेऊन उभे केले.

मद्यगृहाचा इतिहास या भूमीत नवा नाही. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात पानागारांतील शय्या, आसने, गंध, माला आणि गिऱ्हाइकांवर नजर ठेवणारे हेर यांची व्यवस्था सांगून ठेवली आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषातील मंडळी चषक हाती घेऊन बसली आहेत. संस्कृतातील कल्यपाल प्राकृताच्या वाटेने येऊन कलाल झाला. आणि ज्या औरंगजेबाने १६५९ मध्ये मुहतसिब हा आचारनिरीक्षक नेमून मद्यपानावर टाच आणली, औरंगाबाद म्हणून तेव्हा त्याचेच नाव वागवणाऱ्या या शहरालगत, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, पुढे बिअरचे कारखाने उभे राहिले. हे सर्व सर्वश्रुत आहे. गुत्ता हा शब्द मात्र यांपैकी कोणाच्याच वंशावळीत बसत नाही.

त्याची जी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते, ती दिसावयास फार मोहक आहे. ‘गुप्त’ याचे प्राकृत रूप ‘गुत्त’ होते, चंद्रगुप्ताचा पालीत चंदगुत्त झालेला आपण पाहतोच. तेव्हा लपूनछपून पिण्याची जागा ती गुत्ता, असे म्हटले की शब्दही सुटतो आणि मद्यप्याची लज्जाही राखली जाते. परंतु मराठीच्या अंगात एक खोड आहे. प्राकृतातील जोडाक्षर तिच्या हाती लागले की ती त्याचे द्वित्व मोडते आणि आधीचा स्वर दीर्घ करते: सप्तचे सत्त झाले आणि सत्तचे सात, भक्तचे भत्त झाले आणि भत्तचे भात. या न्यायाने गुप्ताचा वंशज मराठीत आला असता तर तो ‘गूत’ असा काहीतरी झाला असता. ‘गुत्ता’ आपले द्वित्व शाबूत ठेवून उभा आहे, म्हणजेच मराठीची ही मोडतोड संपून गेल्यावर तो बाहेरून आलेला आहे. शिवाय वस्तुस्थितीही या व्युत्पत्तीच्या विरुद्ध साक्ष देते. गुत्ता हा कधी गुप्त नव्हताच. तो भर बाजारात, सरकारच्या संमतीने चाले. जे खरोखर गुप्त होते त्याला लोक अड्डा किंवा हातभट्टी म्हणत. ‘गुंतणे’ या धातूशी गुत्त्याची सोयरीक जुळवू पाहणारा दुसरा पक्षही आहे. पण तो व्याकरणापेक्षा कीर्तनास अधिक उपयोगी असल्याने त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

खरे घर दक्षिणेस आहे. तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे ठोक मक्ता, आणि ‘गुत्ताधिपत्यम्’ म्हणजे आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेतील मक्तेदारी. कन्नडात ‘गुत्तिगे’ म्हणजे कंत्राट किंवा खंड. आणि तमिळात ‘कुत्तगै’ म्हणजे जमिनीचा खंडपट्टा. मद्याचा अर्थ या तिघींपैकी एकीच्याही मुळाशी नाही. हे तमिळ भावंड विशेष महत्त्वाचे आहे, कारण आधी दारूचा ठेकेदार तो गुत्तेदार आणि मागाहून इमारतींचा, असा उलटा क्रम लावू पाहणाऱ्यांचे तोंड ते बंद करते: कावेरीकाठच्या भातखाचरांच्या खंडपट्ट्यास दारूच्या दुकानावरून नाव पडले असे म्हणण्यास कोण धजेल? अर्थात मराठवाड्याचा अर्थ हा मूळचा आणि पुण्या-मुंबईचा अर्थ हा मागाहून आकसलेला, असाच निकाल द्यावा लागतो. ‘गुत्तेदार’ हा शब्द तर मूर्तिमंत हैदराबाद संस्थान आहे: धड द्राविडी, ‘दार’ हा फारसी प्रत्यय, आणि वापरणारा मराठी. तेलुगू, कन्नड आणि मराठी मुलखांवर एकच फारसी, पुढे उर्दू, दप्तर ज्या राज्यात अंमल करी, त्या राज्यातच असे अपत्य जन्मू शकते.

त्या राज्यात मक्त्याने न दिलेली वस्तू शोधूनच काढावी लागेल. दिवाण सालारजंगाने १८५३ नंतर महसुलाची घडी बसविण्यापूर्वी मुलखाचा वसूल सावकारांच्या आणि तालुकदारांच्या हवाली असे. इतकेच नव्हे, तर त्याआधीचा दिवाण चंदुलाल याच्या कारकीर्दीत खुद्द औरंगाबादेची टांकसाळ पेस्तनजी मेहरजी या पारशी सावकाराकडे होती आणि तिच्यातून निघालेल्या रुपयास लोक ‘पेस्तनशाही’ म्हणत. जेथे राजाचे नाणे मक्त्याने पडते, तेथे मोहाची दारू आणि शिंदी यांनी काय घोडे मारले होते? एखाद्या टापूत दारू विकण्याचा हक्क हर्रासात पुकारावा, सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्यास तो द्यावा, आणि त्याने ठरल्या हप्त्यांनी सरकारात रक्कम भरावी, हा आबकारीचा सरळ हिशेब होता. ज्या दुकानात हा गुत्ता चाले ते दुकानच गुत्ता झाले.

आणि माझ्या मते गुत्त्याचा दंगाही हर्रासाच्या याच सरकारी कागदातून जन्मला. हप्ता ठरलेला, मुदत ठरलेली, पुढच्या हर्रासात दुसरा कोणी चढी बोली बोलून हक्क नेणार हे भय कायमचे; तेव्हा हाती असलेल्या मुदतीत जितकी विकता येईल तितकी विकणे हाच गुत्तेदाराचा धर्म. मग उधारी आली, उधारीपायी गहाण पडलेली भांडी आली, आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नवटाकाने सुरुवात करून पावशेरावर पोहोचलेल्यांची हातघाईही आली. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लिहून तक्रार केली, आणि १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी तेथेच दुकानांपुढे निरोधन केले, तेव्हा त्यांचा रोख पिणाऱ्यापेक्षा परवाना विकणाऱ्या सरकारवर होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच काळात विलायतेत काय चालले होते? १८३० च्या कायद्याने तेथे कोणाही करदात्यास दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि सहा महिन्यांत चोवीस हजारांवर नवी दुकाने उघडली. गावोगाव इतका धुमाकूळ माजला की १८६९ मध्ये परवान्यांचा अधिकार पुन्हा न्यायाधीशांकडे सोपवावा लागला आणि १८७२ मध्ये दुकाने बंद करण्याच्या वेळा बांधून द्याव्या लागल्या. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातील तो दंगेखोर पब आणि आपला गुत्ता हे समकालीन होत, पण त्यांच्या बारशात मोठा फरक आहे. इंग्रजाने आपल्या पानगृहास दारावरील पाटीच्या चित्राचे नाव दिले, मग तो तांबडा सिंह असो की राजमुकुट. आपण मात्र सरकारी कागदाचे दिले.

आता अवघड प्रश्न. हा शब्द सह्याद्रीच्या बाजूस गेला कसा, आणि तेथे तो दारूलाच का चिकटला? माझा तर्क असा की तो हैदराबादेहून गेलाच नाही. तो मुंबई इलाख्याच्या कन्नड जिल्ह्यांतून, धारवाड-बेळगावच्या वाटेने वर चढला. पश्चिमेकडे इतर सर्व ठेक्यांसाठी मक्ता, इजारा, ठेका असे मातबर शब्द आधीच गाद्या अडवून बसले होते. नव्या शब्दास रिकामी जागा मिळाली ती दारूच्या दुकानात, आणि तो तेथेच बसला. मराठवाड्यात त्याला असा अडसर नव्हता, म्हणून तो शाळेपासून सोयाबीनपर्यंत पसरला. या वाटेचा नव्हे, पण ठेका आणि दारू यांच्या सोयरिकीचा एक आधार कलबुर्गीकडे मिळतो. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या त्या भागात, ताडी काढण्याच्या व्यवसायाशी परंपरेने निगडित अशा ईडिग समाजात, ‘गुत्तेदार’ हे आडनाव आजही प्रतिष्ठेने नांदत आहे. शब्दाचे दोन्ही अर्थ ज्या उंबरठ्यावर एकत्र भेटावेत, नेमका तोच हा उंबरठा.

मुळात कागदावरून घराचे नाव पडते हेच ज्यांना पटत नसेल त्यांनी कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावरील पाट्या पाहाव्यात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याजवळ परवाना असणे आवश्यक केले. असा परवाना बाळगणाऱ्याने जेथे बसावे ती ‘परमिट रूम’. बंदी पुढे सैल झाली, परवाना विचारणारा विरळा झाला, खोलीचे नाव मात्र कायम राहिले. जे आपल्या डोळ्यांदेखत परमिटाचे झाले, तेच शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गुत्त्याचे झाले, हा माझा पक्ष. आणि गुप्तवाद्यांनी ‘परमिट रूम’ची उपपत्ती आधी लावून दाखवावी, मगच गुत्त्याबद्दल बोलावे.

मराठवाड्यातील ज्या वाचकांच्या घरी निजामी अमदानीतील आबकारीच्या हर्रासाची फर्माने, कबुलायती किंवा हप्त्यांच्या पावत्या जुन्या संदुकीत पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उलगडून पाहाव्यात आणि ‘गुत्ता’ हा शब्द कोणत्या सालच्या कागदावर, कोणत्या मालासाठी आला आहे, ते अवश्य कळवावे.